भूमिशुद्धी कशाने होते?

गेल्या वैशाखात आमच्या वडिलांकडे एक गृहस्थ भूमिपूजनाचा मुहूर्त विचारावयास आले होते. डिंडोलीतच राहणारे, मूळचे आमच्यासारखेच खानदेशातले. वीस वर्षे यंत्रमागावर राबून चार पैसे गाठीस बांधलेले. शहराबाहेर हमरस्त्यालगत त्यांनी एक जागा पाहून ठेविली होती व इसारही देऊन टाकला होता. जागेचा भाव आसपासच्या मानाने बराच कमी होता. वडिलांनी कारण विचारताच ते म्हणाले, "गुरुजी, तिथं पूर्वी पेट्रोल पंप होता. बरीच वर्षं बंद आहे. टाक्याही काढून नेल्या म्हणतात. बोअरच्या पाण्याला जरासा वास येतो, एवढंच. तेव्हा भूमिशुद्धीचं काही विशेष विधान असेल तर ते करून द्या. दक्षिणेची काळजी करू नका."

वडिलांनी पंचांग मिटले. "वास कसला येतो?"

"रॉकेलासारखा."

"मग मुहूर्ताचं नंतर पाहू, भाऊसाहेब. आधी ते पाणी तपासून आणा."

गृहस्थांस हे रुचले नाही. जाता जाता ते म्हणाले, "म्हणजे मंत्रांत सामर्थ्य नाही असंच ना?" वडील त्या वेळी काही बोलले नाहीत. परंतु हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. भिक्षुकाच्या घरी वाढलेल्या आमच्यासारख्यांस तर तो विशेषच बोचतो. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपलीकडे गेलेले नाही. तरी त्या दिवसापासून या विषयावर जे वाचावयास व जाणत्यांकडून ऐकावयास मिळाले, त्याच्या आधारे आम्ही हा विचार वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम जमिनीच्या पोटात घडते काय ते पाहू. पंप बंद झाला म्हणजे वरचा व्यवहार बंद होतो. छप्पर उतरते, यंत्रे जातात, दोन पावसाळ्यांत गवत माजते. खालचा व्यवहार मात्र चालूच असतो. पेट्रोलच्या टाक्या जमिनीत पुरलेल्या असतात. जुन्या टाक्या साध्या पोलादाच्या असत व ओल्या मातीत त्यांस गंज चढे. त्यात सुरतेकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. ही ओढाताण पाइपांच्या सांध्यांस वर्षानुवर्षे सोसावी लागते. एखादा सांधा सेकंदाला एक थेंब गळू लागला, तर वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरून दिवसाकाठी चार लिटरांहून अधिक आणि वर्षाकाठी दीड हजार लिटरांवर पेट्रोल मातीत जाते. पंपावर रोज हजारो लिटरांची उलाढाल असते. तीत चार लिटर कोणाच्या डोळ्यांत भरणार?

हे पेट्रोल खाली झिरपते. काही भाग मातीच्या कणांस धरून राहतो. वात विझली, तेल ओतून टाकले, तरी मातीची पणती जशी तेलकट राहते, तसेच हे. उरलेले भूजलापर्यंत पोहोचते आणि पाण्याहून हलके असल्यामुळे त्यावर तरंगते. पावसाळ्यात पाण्याची पातळी चढली की ते वर चढते, उन्हाळ्यात पातळी उतरली की खाली येते, आणि असे वरखाली होताना मधला मातीचा सारा थर माखून टाकते. त्याची वाफ फटींतून वर येऊन घरांच्या जोत्याखाली साचू शकते. त्यातील बेंझीन नावाचे द्रव्य पाण्यात विरघळते व पाण्याबरोबर शेजाऱ्याच्या विहिरीकडे चालू लागते. ते रक्ताचा कर्करोग उत्पन्न करणारे आहे, हे आता निर्विवाद सिद्ध झालेले आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १० मायक्रोग्रॅमपेक्षा, म्हणजे एका ग्रॅमच्या एक लाखाव्या भागापेक्षा, अधिक असू नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पेट्रोलात ते एक टक्का धरले, तर एका लिटरात सुमारे पावणेनऊ ग्रॅम होते. एवढे सारे पाण्यात उतरले, तर जवळजवळ नऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नासावे! पूर्वीच्या पेट्रोलात तर बेंझीन याहूनही अधिक असे. आणि त्या मर्यादेच्या आसपास नाकाला वासही येत नाही. तेव्हा वास गेला म्हणजे दोष गेला, हे खरे नव्हे. आणि वास येत असेल, तर तो जरासा आहे असे म्हणून भागत नाही.

आता शास्त्राकडे वळू. भूमी कशाने शुद्ध होते, याचा विचार आपल्या स्मृतींनी केलेला आहे. मनूने पाच उपाय सांगितले: झाडणे, सारवणे, शिंपणे, उकरणे व गाईंचा निवास. याज्ञवल्क्याने त्यांखेरीज अग्नीने भाजणे आणि काळ जाऊ देणे हेही सांगितले. दूषित विहिरीविषयी शंभर घागरी पाणी उपसावे व नंतर पंचगव्य टाकावे, असा नियम आढळतो. यावरून आमच्या पूर्वजांस पेट्रोलही ठाऊक होते असे सिद्ध करू पाहणारे विद्वान निघतील. त्या मोहात आम्ही पडत नाही. त्यांच्यापुढे विहिरीत पडलेले जनावर होते, बेंझीन नव्हे. आम्हांस त्यात एवढेच दिसते की, झाडणे, उकरणे, भाजणे, उपसणे ही सर्व अंगमेहनतीची कामे आहेत. पंचगव्याचा क्रम शंभर घागरींनंतर लागतो, आधी नाही. स्मृतिकारांनी मंत्राला श्रमाच्या जागी बसविलेले नाही.

आजचे तज्ज्ञ करतात ते काय? दूषित माती उकरून काढतात. जमिनीत नळ्या खुपसून मातीतली वाफ शोषून घेतात. भूजल उपसून कोळशाच्या गाळणीतून गाळतात. पाण्याखाली हवा फुंकतात. हे शेवटचे अशासाठी की, पेट्रोल खाऊन जगणारे सूक्ष्मजंतू मातीत मुळातच असतात, त्यांस प्राणवायूची टंचाई पडते. एक किलो पेट्रोल पचविण्यास तीन किलोंहून अधिक प्राणवायू लागतो, आणि भूजलात तो लिटरमागे फार तर आठ-दहा मिलिग्रॅम असावयाचा; म्हणजे एका किलोसाठी तीन लाखांहून अधिक लिटर पाण्यातला सारा प्राणवायू खर्ची पडेल. आता पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळतात. ताटातले गोड आधी उचलणाऱ्या पोरांप्रमाणे हे जंतू इथेनॉलवर तुटून पडतात आणि बेंझीन मागे राहते, असे अभ्यासकांस आढळले आहे.

शंभर घागरींची गोष्ट मात्र येथे पुरी पडत नाही. पंप लावून पाणी उपसले की बेंझीन उतरते. समाधान मानून उपसा थांबविला की काही महिन्यांनी पुन्हा चढते. मातीच्या कणांत दडून बसलेले हळूहळू बाहेर येत असते. म्हणून उपसणे, थांबणे, मोजणे आणि पुन्हा उपसणे असा हा वर्षानुवर्षांचा क्रम असतो. एका दिवसात उरकणारा विधी हा नव्हे.

काळाने शुद्धी होते या वचनाचा आधार घेऊन कोणी म्हणेल, "मग काळच करील ते. आपण कशाला खटाटोप करावा?" यात तथ्य नाही असे नाही. कित्येक ठिकाणी गळती थांबवून व मुख्य साठा काढून उरलेले काम जंतूंवर व काळावर सोपवितात, आणि ते पारही पडते. परंतु तेथे निरीक्षणासाठी विहिरी खणलेल्या असतात, ठराविक मुदतीने पाणी तपासले जाते, दूषित पाणी कोणत्या दिशेस किती सरकले याची नोंद राहते. काळावर सोपविणे निराळे आणि काळावर ढकलणे निराळे. वैद्य रोग्याच्या उशाशी बसून औषध न देता वाट पाहतो. हयगय करणाराही औषध देत नाही. दोघेही काही करीत नाहीत, तरी दोघांस एकाच मापाने कोण मोजील?

उकरलेल्या मातीचाही एक प्रश्न आहे, आणि तो आम्हांस फार अस्वस्थ करतो. खड्डा खणून काळी पडलेली माती ट्रकात भरली आणि दूर एखाद्या ओढ्याकाठी टाकून दिली, तर ती जागा शुद्ध झाली खरी, पण झाले काय? विटाळ एका गावाहून दुसऱ्या गावी गेला. आपले बहुतेक वाचक तापीकाठच्या मुलुखातून आलेले आहेत. प्रकाशे येथे जे पाणी आपण तीर्थ म्हणून डोक्यावर घेतो, तेच उकाईच्या धरणातून सुरतेस येते. वरच्या अंगाने टाकलेले खालच्या अंगास लाभते, हे आपणांस निराळे सांगावयास नको. भूजलही असेच वाहते. नदीचे वाहणे दिसते, त्याचे दिसत नाही, इतकेच.

न दिसण्यातच या प्रश्नाचे मर्म आहे. १९९४ साली प्लेगच्या भीतीने सुरत ओस पडली. त्यानंतर महापालिकेने शहर असे झाडून काढले की देशाने नवल केले, आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने सुरतेचा पहिला क्रमांक आला. आम्हांस त्याचा अभिमान आहे. रस्त्यावरचा कचरा दिसतो, त्यास माशा बसतात, येणाराजाणारा नाक मुरडतो; मग लाजेने का होईना, तो उचलला जातो. जमिनीखाली वीस हातांवर साचलेल्या पेट्रोलाची लाज कोणास वाटावी? लाज वाटण्यास कोणी तरी पाहावे लागते.

याज्ञवल्क्याने प्रायश्चित्ताचे दोन प्रकार मानले आहेत. ज्याचा दोष जगजाहीर झाला, त्याने विद्वानांच्या परिषदेपुढे जावे व ती सांगेल ते व्रत करावे. ज्याचा दोष कोणासच ठाऊक नाही, त्याने गुपचूप व्रत आचरावे. त्यास रहस्य-प्रायश्चित्त म्हणतात. दुसऱ्या प्रकारात मोठी दया आहे. मनुष्यास चारचौघांत अप्रतिष्ठा न होता सुधारण्याची वाट त्याने ठेविली. मग जमिनीत पेट्रोल सांडलेल्या मालकाने हीच वाट का धरू नये? त्याने रात्री गुपचूप माती बदलावी, कोणास सांगू नये, जागा विकून मोकळे व्हावे. आम्ही यावर पुष्कळ विचार केला. आम्हांस असे वाटते की, ज्या दोषाचे फळ कर्त्यापाशीच थांबते, त्यासच गुप्त प्रायश्चित्त शोभते. येथे दोष कर्त्यापाशी थांबत नाही, तो शेजाऱ्याच्या घागरीत उतरतो. मालक गुपचूप व्रत करीत असता शेजारीण त्याच पाण्यात डाळ शिजवीत असते. तिला जोवर सांगितले नाही, तोवर प्रायश्चित्तास आरंभच झाला नाही असे आम्ही म्हणू. कोणी विचारले तर सांगू, ही सबब येथे चालणार नाही. ज्या गोष्टीची शंकाही येत नाही, ती कोण विचारील?

यापुढचा प्रश्न खर्चाचा. करणारा सापडला तर उत्तर सोपे आहे. राजस्थानातील बिछरी गावी रंगांना लागणारे एक आम्ल बनविणाऱ्या कारखान्यांनी विहिरी नासविल्या, तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ज्याने घाण केली त्यानेच ती निस्तरण्याचा खर्च सोसावा असे ठरविले. चेन्नईच्या तोंडियारपेठेत २०१३ साली रहिवाशांच्या बोअरमधून तेलमिश्रित पाणी येऊ लागले; ते भारत पेट्रोलियमच्या भूमिगत वाहिनीतून गळल्याचे निघाले व प्रकरण हरित न्यायाधिकरणापुढे गेले. तेथेही कोणाकडे बोट दाखवावे हे कळत होते. परंतु २०२१ च्या जानेवारीत साताऱ्याच्या फलटण तालुक्यात सासवड गावाजवळ काय झाले पाहा. मुंबईहून पुणे-सोलापूरकडे पेट्रोल नेणारी हिंदुस्थान पेट्रोलियमची वाहिनी चोरट्यांनी फोडली. सुमारे दोन हजार लिटर पेट्रोल वाहून गेल्याचे त्या वेळी सांगण्यात आले. ते शेतांत मुरले, विहिरींत उतरले, उभी पिके जळाली. पाप चोरांचे, वाहिनी कंपनीची, विहीर शेतकऱ्याची. चोर काही फावडे घेऊन माती उकरावयास येत नाहीत.

बंद पडलेल्या पंपाचे याहून कठीण. चालविणारा कधीच वारलेला असतो, जागा तीन हातांतून फिरलेली असते, कोणत्या वर्षी काय गळले याचा कागद नसतो. अमेरिकेत असे लाखो पंप निघाले. तेथे १९८४ साली भूमिगत टाक्यांसाठी कायदा झाला व १९८६ साली पेट्रोलच्या प्रत्येक गॅलनमागे एका सेंटचा दहावा भाग कापून निधी उभारण्यात आला. जेथे जबाबदार मनुष्य सापडत नाही वा त्याची ऐपत नसते, तेथे या निधीतून सफाई होते. पाच लाखांहून अधिक गळत्या तेथे नोंदल्या गेल्या, आणि त्यांतील बहुतेक आता निस्तरल्या आहेत. आम्हांस या व्यवस्थेत धर्मबुद्धी दिसते, कारण ज्याने ज्याने गाडीत पेट्रोल भरले त्याने त्याने त्या सांडण्याचा अंश उचलला. आम्हीही मोटारसायकलीवरून पूजेस जातो. तेव्हा पंपवाल्याकडे बोट दाखविताना आपला हातही पेट्रोलाचाच आहे, हे आठवते. त्याच अमेरिकेत धूर कमी व्हावा म्हणून पेट्रोलात एक द्रव्य घालीत असत. हवा सुधारावी या सद्‌हेतूने घातलेले ते द्रव्य टाक्यांतून गळून भूजलात पसरले, आणि १९९६ साली सांता मोनिका शहरास आपल्या पाण्याचा सुमारे निम्मा पुरवठा बंद करावा लागला. त्या विहिरी पुन्हा पूर्ववत् उपयोगात येण्यास जवळजवळ चौदा वर्षे गेली. सद्‌हेतूनेही दोष घडतो, व तो निस्तरावाच लागतो.

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली नवा पंप घरे, शाळा व रुग्णालये यांपासून ५० मीटर दूर असावा, विशेष सुरक्षा घेऊनही ३० मीटरच्या आत नसावा, असे ठरविले. हे नव्यांसाठी. जुन्या विटाळासाठी २०२५ च्या जुलैत दूषित स्थळांविषयीचे नियम निघाले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने वर्षातून दोनदा कळवावयाची, राज्य मंडळाने तपास करावयाचा, जबाबदार मनुष्य शोधून त्याच्याकडून खर्च घ्यावयाचा, आणि तो न सापडल्यास केंद्राने व राज्याने भार उचलावयाचा, असा त्यांचा आशय आहे. नियम चांगले आहेत. तथापि आमच्या त्या गृहस्थांसारख्या मनुष्याच्या मनात जे येते, ते नियमांत नाही. त्यास वाटते, तपासले तर आपणच अडकू. न तपासले तर कोणास कळणार आहे? अज्ञान स्वस्त पडते, ज्ञान महाग पडते. ज्याने एक थेंब सांडला नाही, त्याने केवळ पाणी तपासल्यामुळे संकटात पडावे, हा कोठला न्याय?

या प्रश्नाचे गुळगुळीत उत्तर आम्हांजवळ नाही. परंतु दोष आणि कर्तव्य यांची गल्लत येथे होत असावी, असे वाटते. सांडण्याचा दोष त्या गृहस्थांस लागत नाही. पण रस्त्यात उघडा खड्डा ज्याने पाहिला, त्याने तो खणलेला नसला तरी मागून येणाऱ्यास हाक मारणे त्याजकडे येते. खड्डा बुजविण्याचा खर्च त्याने करावा असे आम्ही म्हणत नाही. हाक मात्र त्यास टाळता येत नाही. आणि हाक मारणाऱ्याच्याच गळ्यात खड्डा अडकविणारी व्यवस्था असेल, तर लोक डोळे मिटून चालू लागतील, हे व्यवस्था करणारांनीही ध्यानात घ्यावे.

ज्येष्ठाच्या अखेरीस ते गृहस्थ पुन्हा आमच्या घरी आले. हातात प्रयोगशाळेचा कागद होता. बेंझीन मर्यादेच्या कितीतरी पट निघाले होते. ते ओटीवर बसले व बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मालकाला दाखवला कागद. तो म्हणतो, तुम्हांला नको तर सोडा, दुसरं गिऱ्हाईक आहे. इसार परत मागितला तर म्हणतो, पाहू."

वडिलांनी त्यांस पाणी दिले आणि वैशाखातल्या त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी दिले. "भाऊसाहेब, तुम्ही मंत्राच्या सामर्थ्याचं विचारलं होतं. कोणतंही कर्म संकल्पानं सुरू होतं. संकल्पात देश, काळ, गोत्र, स्वतःचं नाव हे सारं मोठ्यानं उच्चारावं लागतं. कोणत्या जागी, कोण, काय करतो आहे, हे लपवून संकल्प होत नाही. त्या जागेवर काय आहे ते बोलायला कोणी तयार नसेल, तर मी तिथं कोणता संकल्प सोडू?"

गृहस्थ उठले. दुसऱ्या दिवशी आम्हांस बरोबर घेऊन ते त्या जागी गेले. रस्त्यापलीकडे पाच-सहा झोपड्या आहेत व त्यांस एकच हातपंप आहे. त्यांनी तो कागद तेथील बायांस वाचून दाखविला. त्यांस कागद कळला नाही, पण वास कळत होता, त्या तो पुष्कळ दिवसांपासून घेत होत्या. प्रदूषण मंडळाकडे अर्ज लिहिण्याचे काम आमच्याकडे आले, तो आम्ही लिहून दिला. इसाराचे पैसे अद्याप परत मिळालेले नाहीत. त्या हातपंपाचे पाणी आता कोणी पीत नाही. भांडी मात्र अजून त्याच पाण्याने घासतात.